सत्तेचाळीस टक्के आणि वैजू वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. अकरावीच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती, म्हणून मी तो कापला. लगेच पुन्हा वाजला. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. व्हरांड्यात येऊन घेतला, तर पलीकडून तो म्हणाला, "नीलू, वैजू उठत नाय बघ..." जणू मी शेजारच्या खोलीत आहे आणि हाक मारली की धावत येणार आहे. मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला आणि मला लवकर कोनला, घरी यायला सांगितलं. खांदा कॉलनीपासून कोन ते काय लांब! पण त्या दिवशी रिक्षा पुढे सरकतच नव्हती. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि मागच्या पडवीत अर्धी सोललेली कोलंबी ताटात तशीच पडून होती. सोलता सोलता वहिनी 'जरा चक्कर येतेय' म्हणाली आणि भिंतीला टेकली, ती टेकलीच. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका म्हणून सांगितलं. घरातल्या प्रत्येकाच्या जिवाला काही होईल म्हणून जन्मभर धास्तावलेली ही बाई... स्वतःच्या छातीत दुखत होतं त्याला मात्र ती महिनाभर पित्त म्हणत राहिली.

वैजयंती म्हणजे माझी वहिनी, माझ्या एकुलत्या एका भावाची बायको. तिचं माहेर करंजा. वडील बोटीवर जायचे आणि बोट बंदराला लागेपर्यंत आई नि मुली किनाऱ्यावर उभ्या असायच्या. तिथेच तिला काळजीची सवय लागली असावी. लग्न होऊन ती कोनला आली तेव्हा मी नववीत होते, आणि माझी आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात बाबा, दादा आणि मी. बायकांचा आवाज नसलेल्या त्या घरात ती आली आणि पहिल्या दिवसापासून घाबरायला लागली. आमच्या दारासमोरून हायवे जातो. मी शाळेला निघाले की ती ओट्यावर येऊन मी रस्ता ओलांडेपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. दादाला यायला उशीर झाला की ती सारखी दारात जाऊन यायची. कुठे जायचं म्हटलं तर आदल्या दिवसापासून जेवण जायचं नाही, आणि एसटीत बसली की हमखास उलटी. मला सुरुवातीला तिचा राग यायचा. एवढं काय घाबरायचं, असं वाटायचं. तिची भीती आणि तिची माया एकाच कापडाची आहे हे कळायला मला बारावीचा निकाल लागावा लागला.

दहावीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत पहिल्या चार-पाचांत असायची. त्या मार्कांवर सायन्सला गेले आणि एकदम सगळं इंग्रजीत सुरू झालं. सर काय शिकवतात ते मी आधी मनात मराठीत करायची, तोवर ते पुढच्या फळ्यावर गेलेले असायचे. जीवशास्त्र तेवढं कळायचं, आवडायचंही. फिजिक्स आणि गणित यांनी मात्र माझी पार दैना केली. निकालाच्या दिवशी दादा आणि मी पनवेलला त्याच्या मित्राच्या सायबर कॅफेत गेलो. पडद्यावर आकडे आले. फिजिक्समध्ये जेमतेम पास, गणितात तसंच, आणि खाली एकूण सत्तेचाळीस टक्के. दादा म्हणाला, "पास झालीस ना, चल."

बाबांनी निकाल ऐकला, पाय धुतले, शर्ट बदलला आणि देवळाकडे गेले. गावात चार माणसं बाबांना विचारून काम करायची, आणि त्या चार माणसांत माझ्या मार्कांचा विषय निघणारच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या. "बासष्ट टक्के पाडलेस म्हणं! आता फार्मसीला घालतायत ना?" मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. बासष्ट... देवळाच्या कट्ट्यावर बाबा बासष्ट सांगून आले होते. वहिनीचे कान लाल झाले. तिला खोटं बोलता यायचंच नाही. ती 'दूध उतू गेलं' म्हणून आत पळाली, आणि चुलीवर तर तेव्हा भात होता.

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे झाकण घट्ट बसवलेलं भांडं झालं. कुणी दारात आलं की वहिनी स्वयंपाकघरात आणि मी माळ्यावर. पनवेलच्या कॉलेजची पहिली यादी लागली, तेव्हा मी तोंडाला ओढणी बांधून गेले. सोबत वहिनी. बोर्डासमोर ही गर्दी! माझं नाव कुठून असणार? पण ती वरून खालपर्यंत बोट फिरवत राहिली. कदाचित चुकून वर लागलं असेल, दुसऱ्या आडनावाखाली छापलं असेल... तेवढ्यात आमच्या गावातली दोन मुलं दिसली आणि आम्ही दोघी पाणपोईच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. दुसऱ्या यादीतही नाव नव्हतं, तिसऱ्यातही नव्हतं. तिसरी यादी पाहून आलो त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "एक वर्ष घरात राहा. कुणी विचारलं तर तब्येत बरी नव्हती सांगू. वर्षभरात एखादं स्थळ आलं तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मला ते तिथून पुढे सगळं ऐकू आलं. वहिनी ताट वाढत होती. तिने पळी आमटीत तशीच सोडून दिली.

आणि ह्या बाईने, जिला एसटीच्या वासाने मळमळायचं, मला घेऊन गावोगावची कॉलेजं पालथी घातली. कर्जतला गेलो, अलिबागला गेलो. खिडकीजवळची जागा, हातात लिंबू, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. वळणावळणाच्या रस्त्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. ती उलटी करायची, पदराने तोंड पुसायची आणि विचारायची, "तुझी कागदा बरोबर हायत ना? परत बघ." मी परत बघायची. एका ठिकाणी जागा भरल्या होत्या. एका ठिकाणी सायन्सच नव्हतं. एका ठिकाणी खिडकीतला माणूस माझी गुणपत्रिका पाहून नुसता हसला आणि पुढच्याला बोलावलं. त्या दिवशी मी स्टँडवरच्या बाकावर बसून खूप रडले. वहिनीला समजूत घालता यायची नाही. ती शेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त रडली. मग मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं.

मग नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा आला. सगळी भावकी जमलेली, मांडवात पंखे लावलेले, बायका एका अंगाला बसलेल्या. वहिनी सरबताचा ट्रे घेऊन फिरत होती. एका म्हाताऱ्या काकूंनी तिला थांबवलं. "काय गं वैजू, नीलमची फार्मसी सुरू झाली का? बासष्ट पडलेत ना तिला?" मी लांबून पाहत होते. मला वाटलं, ही आता मान हलवेल आणि पुढे जाईल. पण ती तिथेच थांबली. ट्रे तिने जवळच्या खुर्चीवर ठेवला. आणि बायकांच्या त्या कलकलाटात तिचा आवाज केवढा तरी मोठा निघाला.

"सत्तेचाळीस पडलेत, काकू. फार्मसी नाय. तिला कुठंच घेत नाय. तुमच्या वलखीचा कुठला कॉलेज असंल तर सांगा."

पुरुषांच्या बाजूला बाबा बसले होते. त्यांनीही ऐकलं. ते उठले, चपला घातल्या आणि न जेवता घरी गेले. आम्ही घरी आलो तेव्हा वहिनी उंबऱ्यातच थबकली. घरात आत पाऊल टाकू का नको, अशी. बाबा तिला एवढंच म्हणाले, "माझी लाज काढलीस." त्यानंतर कित्येक महिने ते तिच्या हातचं पाणी घेत नव्हते, स्वतः माठातून घ्यायचे. दादा दोघांच्या मधे अडकला होता. वहिनी दिवसभर काम करायची आणि मागच्या पडवीत जाऊन डोळे पुसायची. मला म्हणायची, "मी कशाला बोलले गं? पण मना ते तोंडात ठेवताच येत नव्हता."

पण त्या साखरपुड्यात आमची कुसुम आत्याही होती. बाबांची चुलत बहीण, पेणला दिलेली. दोन-तीन दिवसांनी ती आपणहून आमच्याकडे आली, बाबांच्या समोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरीला बेचाळीस होते. मी सगळ्यांना पंचावन्न सांगत व्हते. तुला पन पंचावन्नच सांगितले होते." आत्याची ती मुलगी पेणच्या पलीकडच्या एका छोट्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथे लांब पडतं म्हणून मुलं येत नाहीत, प्राणिशास्त्राच्या जागा दरवर्षी उरतात, असं आत्या म्हणाली. "उद्याच जावा. मॅडम कडक हायत, पण ऐकून घेतात." वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. साखरपुड्यात ती बोलली नसती तर आत्या आमच्याकडे पंचावन्न टक्केच घेऊन आली असती, आणि आमच्याकडून बासष्ट घेऊन परत गेली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. विभागप्रमुख मॅडमनी माझी गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि चष्म्यावरून पाहिलं. जीवशास्त्र बरं आहे, म्हणाल्या. पण पहिल्या वर्षाला केमिस्ट्री आहे, सगळं इंग्रजीत आहे, रोज पनवेलच्या पुढून यायचं आहे. "पहिल्याच वर्षी नापास झालीस तर काय करशील? घरचे काढून घेतील, माझी जागा वाया जाईल." तेव्हा वहिनी खुर्चीत पुढे सरकली. पदर घट्ट धरलेला, ओठ सुकलेले.

"मॅडम, ती नापास होल म्हनून मी पन घाबरते. पन घरात ठेवली तरी मी घाबरनारच हाय. मंग कॉलेजात पाठवून घाबरते ना... तुमी तिला घ्या."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी गुणपत्रिका पुन्हा जवळ ओढली. मग मला विचारलं, "पेशीविभाजन आठवतं? मराठीत सांगितलंस तरी चालेल." मी मराठीत सांगितलं. आधी अडखळत, मग धडाधड. मध्येच मॅडमनी हात वर केला, गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर सही केली आणि म्हणाल्या, "आता हेच मला दिवाळीपर्यंत इंग्रजीत ऐकायचंय."

बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसली आणि तिला उलटी झाली. मी हसले. म्हटलं, अजून तर एसटीत बसलोही नाही! तीही हसली, पण पोटावर हात ठेवून. मग म्हणाली, "नीलू, मना वाटतं दिवस गेलेत." त्याआधी एकदा तिचं पोटातलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि डॉक्टरांनी पुढच्या वेळी प्रवास करायचा नाही असं बजावलं होतं. कर्जत, अलिबाग, ते खड्डे, ती वळणं... "तुला माहीत होतं?" तिने पदराने तोंड पुसलं. "संशय होता. सांगितला असता तर मना घराच्या भायेर सोडली असती का कुनी?" तिने बरोबर केलं असं मला कधी म्हणता आलं नाही. काही झालं असतं तर मी आयुष्यभर कुठल्या तोंडाने शिकले असते? परतीच्या वाटेवर एसटीने प्रत्येक खड्डा घेतला की मी तिचा हात दाबायची, आणि ती खिडकीबाहेर पाहत देवाचं नाव घ्यायची. पुढचे महिने मी अभ्यासापेक्षा तिच्याच काळजीत काढले. जानेवारीत आर्या झाली. सुखरूप, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. बाबा नातीला पाहायला दवाखान्यात आले आणि वहिनीला म्हणाले, "पानी दे जरा." ती अंथरुणात होती, उठणार कशी? पण तिने उशाची बाटली पुढे केली. ते प्यायले.

माझं पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत केटी लागली. निकाल कळल्यावर मी कॉलेजातूनच वहिनीला फोन केला. तिने विचारलं, "मंग परत देता येते ना?" येते, म्हटलं. "मंग जेवून घे. मी इकडं घाबरते, तू तिकडं अभ्यास कर." तिने ते विनोदाने म्हटलं नव्हतं. खरंच तिने घरातलं घाबरायचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं. मी केटी सोडवली. मग एमएस्सी, मग बीएड. पहिल्यांदा ज्युनियर कॉलेजात शिकवायला उभी राहिले तेव्हा पेशीविभाजनच शिकवायचं होतं, हा योगायोग. समोर पहिल्या बाकावर माझ्यासारखीच एक मुलगी, सगळं मनात मराठीत करत बसलेली. मी तिच्यासाठी वाक्य पुन्हा मराठीत सांगितलं. अजूनही सांगते.

शेवटची भेट ती जाण्याच्या आदल्या रविवारची. आर्याची बारावी संपली होती. पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, आणि तिची आई तिच्याकडे पाहत धास्तावलेली. "हिला कमी पडले तर गं?" मी म्हटलं, वहिनी, आता तू आणि मी आहोत ना, कुठे जायचं ते माहीत आहे. ती छाती चोळत म्हणाली, "तेच तर. परत ती एसटी..." आम्ही दोघी हसलो. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणाली, निकाल लागू दे, मग बघू.

निकाल ती गेल्यावर लागला. आर्याला एकावन्न टक्के पडले. पोरीने गुणपत्रिका भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाठ करून वाचली. भेटायला येणारी माणसं अजून येत होती. सांत्वन करून झालं की उठता उठता हळूच आर्याच्या मार्कांचं विचारत. तिला मानसशास्त्र शिकायचं आहे. त्याच्या जागा सगळीकडे थोड्या. पहिली यादी गेली, दुसरी गेली. त्या दिवसांत मला कळलं की ह्या घरात घाबरायचं कुणाला माहीतच नाही. दादा रात्रंदिवस येरझाऱ्या घालतो, बाबा जेवत नाहीत, मी एकच वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडते. इतकी वर्षं एकटी वहिनी जे करायची, ते आम्हाला चौघांना मिळून धड जमत नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिसरी यादी लागली. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात आर्याचं नाव आलं, खालून दुसरं. कागदपत्रं तपासून घ्यायला दादा, मी आणि ती असे तिघे गेलो. ऑफिसमध्ये तिला एकटीलाच आत बोलावलं. आम्ही बाहेर उभे. दादा खिडकीच्या काचेतून आत पाहायचा प्रयत्न करत होता. ती बाहेर आली तेव्हा हातात पावती होती. "झालं," एवढंच म्हणाली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मग आर्याने फोन काढला, सवयीने एक नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. पडद्यावर 'आई' असं नाव होतं. मी काही बोलणार, तोच दादाने मला खुणेने थांबवलं. वहिनीचा फोन त्याने बंद केलेला नाही. गॅसचे, बँकेचे निरोप त्याच नंबरावर येतात म्हणून स्वयंपाकघराच्या फळीवर रोज चार्जिंगला लावतो. रिंग वाजत राहिली. आर्याचे डोळे भरून आले होते, पण ती कापत नव्हती. आणि मग तो उचलला गेला. घरात एकटे बाबा होते. जे आजवर स्वतःचाही फोन धड उचलत नाहीत.

"कोन?"

"आजोबा, मी आर्या. मला ॲडमिशन मिळाली."

"मिळाली?"

"हो, मिळाली."

"बरं बरं... थांब हां. तिला सांगतो."

मग चपला फरफटत गेल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे, जिथे तिचा फोटो लावला आहे. त्या गजबजलेल्या आवारात आम्ही तिघं त्या फोनभोवती वाकून उभे राहिलो. कुणीही तो कापला नाही.